मनकर्णा या नावाचा अर्थ काय?

प्रश्न: माझ्या पणजीचे नाव जुन्या सातबाऱ्यावर ‘मनकर्णाबाई’ असे लिहिलेले सापडले. मुलीचे नाव हेच ठेवावे असे मनात आहे. मात्र ‘मन’ आणि ‘कर्ण’ यांचा मेळ काही लागत नाही.

उत्तर: यातील ‘मन’ म्हणजे चित्त नव्हे. मूळ संस्कृत शब्द ‘मणिकर्णिका’, म्हणजे रत्नजडित कर्णभूषण. बोलण्यात घासून त्याचेच मनकर्णिका आणि मनकर्णा झाले. विष्णूने चक्राने खोदलेले कुंड पाहून शंकराने विस्मयाने मान डोलावली, तेव्हा त्याच्या कानातले भूषण तेथे गळून पडले, अशी काशीच्या मणिकर्णिका घाटाची कथा आहे. तेव्हा हे नाव, दागिन्याचे असले तरी, खरे तर तीर्थाचे आहे, जसे गोदावरी किंवा भागीरथी.

उत्तर: तीर्थ आपल्याकडेही आहे, कोल्हापूरच्या अंबाबाई मंदिराच्या आवारात मनकर्णिका कुंड आहे. झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचे माहेरचे नावही मणिकर्णिका, लाडाने मनू. आपण हे नाव अवश्य ठेवावे.

प्रश्नकर्ती: मनःपूर्वक आभार. दाखल्यावर ‘मनकर्णा’च लिहू, पणजीचे नाव तिच्याच उच्चाराने राहावे.