वसंत देसाई हे केवळ शांतारामांचे संगीतकार होते का?

मंद्र: वसंत देसाई यांचे नाव निघाले की पाठोपाठ व्ही. शांतारामांचे येते. ‘शकुंतला’ (१९४३), ‘अमर भूपाळी’ (१९५१), ‘झनक झनक पायल बाजे’ (१९५५) आणि ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) ही नावे पाहता त्यात नवल नाही. तरीही राजकमल या शांतारामांच्या चित्रसंस्थेबाहेरच्या कामावरून त्यांची स्वतंत्र ओळख सांगता येईल का?

पायपेटी: नक्की येईल, मात्र सुरुवात ‘प्रभात’ या चित्रपटसंस्थेपासूनच करावी लागेल. कुडाळजवळच्या सोनवडे गावी १९१२ साली जन्मलेला हा मुलगा कोल्हापुरात प्रभातमध्ये दाखल झाला तो संगीतकार म्हणून नव्हे. किरकोळ भूमिका, गाणे, पडेल ते काम असे करत तो चित्रपटाचे तंत्र शिकला. प्रसंग सोडून चाल भरकटत नाही, हा त्यांचा गुण मला तिथला वाटतो. शांतारामांमुळे त्यांना मोठा पट मिळाला हे खरे, परंतु ‘झनक झनक पायल बाजे’च्या शीर्षकगीतासाठी उस्ताद अमीर खाँ यांच्याकडून अडाणा राग गाऊन घेणे आणि तरीही ते गाणे सामान्य प्रेक्षकाच्या ओठी बसवणे, ही करामत संगीतकाराचीच.

उत्तररात्र: राजकमलबाहेरचे पाहायचे तर विजय भट्ट यांचा ‘गूंज उठी शहनाई’ (१९५९) घ्यावा. बिस्मिल्ला खाँ यांच्या सनईला तिथे पार्श्वभूमीचे नव्हे, पात्राचे स्थान आहे. पुढे हृषीकेश मुखर्जींच्या ‘आशीर्वाद’ आणि ‘गुड्डी’ला (१९७१) देसाईंचेच संगीत होते. ‘गुड्डी’तल्या ‘बोले रे पपीहरा’मध्ये मियाँमल्हार शाळकरी मुलीच्या गळ्याला शोभेल इतका हलका केला आहे, पण राग कुठेही पातळ झालेला नाही. ते गाणाऱ्या वाणी जयराम यांना त्यांनी मराठीतही कुमार गंधर्वांसोबत ‘ऋणानुबंधाच्या’साठी गायला लावले. (या जोडीची कल्पना सुचणे हीच अर्धी चाल म्हणायची!)

मंद्र: मग ‘ऐ मालिक तेरे बंदे हम’ आणि ‘हमको मन की शक्ति देना’ या दोन्ही प्रार्थना त्यांच्याच, हा योगायोग समजावा का?

पायपेटी: मला तसे वाटत नाही. समूहाला पेलेल असा स्वरपल्ला राखण्याची त्यांची हातोटी दोन्हींत दिसते, आणि त्यांतली दुसरी ‘गुड्डी’तली आहे, शांतारामांच्या चित्रपटातली नाही. १९६६ साली एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांनी संयुक्त राष्ट्रसंघात गायलेल्या ‘मैत्रीं भजत’ची चालही देसाईंचीच आहे. १९७५च्या डिसेंबरात उद्वाहकाच्या (लिफ्टच्या) अपघातात ते गेले, तेव्हा ‘गुड्डी’ला जेमतेम चार वर्षे झाली होती.