म्हशीचं दूध बंद करून सोया मिल्क सुरू करावं का?

मुलुंडकरीण
नवऱ्याच्या रिपोर्टमध्ये एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १६८ आलंय. आमच्याकडे पहिल्यापासून तबेल्याचं म्हशीचं दूध, रोज दोन लिटर. माझं मत झालंय की मोठ्यांनी हे दूध प्यायची काही गरज नाही, सरळ सोया मिल्क आणावं. म्हशीच्या दुधात १०० मिलीला ६ ग्रॅम तरी फॅट, त्यातलं दोन तृतीयांशाच्या आसपास सॅच्युरेटेड, म्हणजे एलडीएल वाढवणारं. चहा, कॉफी, रात्रीचा पेला धरून अर्धा लिटर पोटात गेलं की ३० ग्रॅम फॅट झालं. बिनसाखरेच्या सोया मिल्कमध्ये १०० मिलीला दीड-दोन ग्रॅम, तेही बहुतेक अनसॅच्युरेटेड, आणि कोलेस्टेरॉल शून्य. प्रोटीन गाईच्या दुधाइतकंच, ३ ग्रॅमच्या वर. मग अडतंय कुठे? सासूबाई म्हणतात, दुधाशिवाय हाडं कशी टिकतील. विरोधी मतंही बिनधास्त मांडा.

गिरगावचा_तात्या
वहिनी, तुम्ही सगळ्यात दाट दुधाची सगळ्यात पातळ सोयाशी कुस्ती लावलीत, निकाल आधीच ठरलेला. मधे टोन्ड (३ टक्के फॅट) आणि डबल टोन्ड (१.५ टक्के) आहे ना? ही तर आपल्या मुंबईचीच देणगी. १९४० च्या दशकात मुंबईचे दूध आयुक्त दारा खुरोडींनी म्हशीच्या दुधात स्किम दुधाची पावडर आणि पाणी मिसळून कमी फॅटचं, गरिबाला परवडणारं दूध आणलं. पुढे १९६३ मध्ये अमूलचे कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्या जोडीनं त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. डबल टोन्ड आणा. कॅल्शियम जागेवर, प्रोटीनही पुरेसं, फॅट एक चतुर्थांश. तबेल्याचं दूध महाग, त्यामुळे वर पैसे वाचतील. सोयाचा टेट्रापॅक तर त्याहूनही महाग.

आणि सोया म्हणजे हृदयाचं औषध हा गाजावाजाही जरा बेतानं. अमेरिकेच्या एफडीएनं (अन्न-औषध खात्यानं) १९९९ मध्ये सोया प्रोटीनच्या पाकिटावर हृदयविकाराचा धोका कमी होतो असं छापायला परवानगी दिली आणि २०१७ मध्ये पुरावा एकसारखा नाही म्हणून ती काढून घ्यायचा प्रस्ताव त्यांनीच मांडला.

कल्याण_स्लो
आमच्याकडे दूध तापवून फ्रिजमध्ये ठेवतात, साय काढतात आणि "आम्ही हलकं दूध पितो" म्हणतात. तीच साय विरजून, लोणी कढवून वरणभातावर तूप. फॅट घराबाहेर गेलंच नाही, फक्त बदली झाली.

मुलुंडकरीण
@कल्याण_स्लो 😄 आमच्याकडेही तेच. पण तात्या, नवऱ्याला दूध प्यायल्यावर पोट फुगतं, ते डबल टोन्डनं थांबणार नाही. सोयात लॅक्टोज (दुधातली साखर) नाहीच.

गिरगावचा_तात्या
दही-ताक चालतं का त्यांना? चालत असेल तर दूध सोडायची गरज नाही, पेल्याऐवजी वाटी घ्या. विरजणातले जिवाणू बरंचसं लॅक्टोज आधीच खाऊन टाकतात.

भांडुप_जिम
पुरुषांनी सोयापासून लांबच राहावं. इस्ट्रोजेन (बायकांचं हार्मोन) वाढतं, मसल जातात. आमच्या ट्रेनरनं स्पष्ट सांगितलंय.

आहार_दादर
मी आहारतज्ज्ञ आहे, म्हणून जरा लांबड लावते.

सोयात आयसोफ्लाव्होन्स असतात. त्यांची रचना इस्ट्रोजेनसारखी, पण ते इस्ट्रोजेन नव्हेत. पुरुषांवरचे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा नेहमीच्या आहारातल्या सोयानं टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) कमी झालेलं दिसलं नाही. तुमच्या ट्रेनरला त्यांच्या प्रोटीनच्या डब्यामागचं लेबल वाचायला सांगा, त्यात सोया आयसोलेट (सोयातून वेगळं काढलेलं प्रोटीन) निघालं तर नवल नाही. जपायचं ते थायरॉइडच्या गोळीला. थायरॉक्सिन घेणाऱ्यांच्या पोटात सोयामुळे गोळी नीट शोषली जात नाही. गोळीनंतर काही तासांचं अंतर ठेवावं, किती ते डॉक्टरांना विचारून. हे दूध-कॅल्शियमलाही लागू आहे बरं, तात्या.

आता वहिनींचा मुद्दा. एलडीएलसाठी सॅच्युरेटेड फॅट कमी करणं बरोबरच. सोया प्रोटीनचा स्वतःचा परिणाम म्हणाल तर एलडीएल तीन-चार टक्क्यांनी उतरतं, म्हणजे १६८ चं १६२ वगैरे. खरा फायदा म्हशीचं दूध कमी केल्याचा, मग त्या जागी सोया येवो की डबल टोन्ड.

फरक पडतो तो दोन गोष्टींत. पहिली कॅल्शियम. दुधात १०० मिलीला १२० मिलिग्रॅम तरी, नुसत्या सोयाबीनच्या दुधात पंचवीसच्या आसपास. मोठ्या माणसाला दिवसाला १००० लागतं. कंपन्या वरून कॅल्शियम घालतात आणि तसं घातलेलं सोया पेय अमेरिकेच्या २०२०–२५ च्या आहार मार्गदर्शकात दुधाच्या गटात धरलं होतं. ओट, बदाम, तांदळाच्या पेयांना तो मान नव्हता. दुसरी बी-१२. हे घर शाकाहारी असेल तर बी-१२ दूध, दही, पनीर यांच्यातूनच येतं. सोयात मुळात शून्य. पाकिटामागे "फोर्टिफाइड" (कॅल्शियम, बी-१२ वरून घातलेलं) आणि "नो ॲडेड शुगर" या दोन्ही गोष्टी नसतील तर परत ठेवा. चॉकलेट-व्हॅनिला फ्लेव्हरकडे बघूसुद्धा नका. आणि ओतण्याआधी पाकीट जोरात हलवा, घातलेलं कॅल्शियम तळाला बसतं. शेवटचा चिकट थर सिंकमध्ये गेला की पैसेही गेले.

पार्ल्याची_माई
पाकीट कशाला? मी घरीच करते. रात्री सोयाबीन भिजत घालायचे, सकाळी हातानं चोळून सालं काढायची, मिक्सरला वाटताना उकळतं पाणी घालायचं. गार पाण्यात वाटलंत तर तो कच्च्या शेंगांचा उग्र वास जाता जात नाही. पंच्यातून गाळून मोठ्या पातेल्यात, ढवळत, पंधरा-वीस मिनिटं नीट उकळायचं. फेस भसकन वर येतो, जागचं हलायचं नाही. कच्चं अजिबात प्यायचं नाही, पचत नाही. उरलेला चोथा थालीपिठाच्या भाजणीत ढकलते, घरात कुणाला पत्ता लागत नाही. खर्च पाकिटाच्या चौथाईसुद्धा नाही.

गिरगावचा_तात्या
माई, आत्ताच ताईंनी काय सांगितलं? तुमच्या घरच्या दुधात ना कॅल्शियम ना बी-१२. पांढरं दिसतं एवढंच.

पार्ल्याची_माई
कॅल्शियमला नाचणीची भाकरी आणि तीळ आहेत. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास आहे. आणि बी-१२ तुमच्या दुधावर वाढलेल्या अर्ध्या मुंबईचं कमी निघतं, गोळ्या सगळेच घेतात.

आहार_दादर
माईंचा हा टोला जरा खराच आहे. 🙂

लातूर_ते_लोअर_परळ
आमच्याकडे घरचं सोयाबीन. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ आणि बाजारात त्याच्या खालीच विकावं लागलं. माल जातो तेलाच्या मिलला, उरलेली पेंड कोंबड्यांना आणि जनावरांना. म्हणजे आमचं सोयाबीन तुमच्या म्हशीला आणि म्हशीचं दूध तुम्हाला! वाटेत किती प्रोटीन म्हशीच्या अंगात राहिलं याचा हिशोब कोण करणार? सरळ दाणा खा. माझं मत सोयाला.

भांडुप_जिम
पण चहा? सोयाचा चहा फाटतो भाऊ.

लातूर_ते_लोअर_परळ
उकळत्या चहात ओतलं की फाटतो. चहा गाळून थोडा निवू द्यायचा, सोया वेगळं कोमट करून वरून. टपरीसारखा नाही होत, खोटं कशाला बोलू.

मुलुंडकरीण
आहारताई, मुलगा सातवीत आहे. शिवाय नणंदेची मुलगी दीड वर्षाची, तीही आमच्याकडेच असते. त्यांचं काय?

आहार_दादर
मुलाला दूध चालू ठेवा, टोन्ड पुरे. दीड वर्षाच्या बाळाला मात्र तात्यांचं डबल टोन्ड देऊ नका. दोन वर्षांपर्यंत साधारणपणे पूर्ण फॅटचंच दूध सुचवतात, त्या वयात फॅट हवं असतं. दुधाची ॲलर्जी असेल तर बालरोगतज्ज्ञांना विचारूनच सोया. वर्षाच्या आतल्या बाळाला मुख्य आहार म्हणून दोन्हीतलं काहीच नको.

मुलुंडकरीण
म्हणजे एका घरात तीन पिशव्या! तबेल्यावाल्याला उद्यापासून एकच लिटर सांगते, बाळापुरतं. नवऱ्यासाठी सोया आणून बघते.

गिरगावचा_तात्या
आणा. पण संकष्टीला काय करणार? सोयाबीन म्हणजे कडधान्य, उपासाला चालत नाही.

पार्ल्याची_माई
तात्या, तुपात परतलेली साबुदाण्याची खिचडी दोन वेळा मागून घेणाऱ्यानं आम्हाला फॅटचा हिशोब शिकवू नये.