सोसायटीच्या एसटीपीचं (सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटचं) पाणी पालक-कोथिंबिरीला चालतं का? (वाघोली साईड)

बांधावरचा_पोरगा
नमस्कार मंडळी. आमचं शेत वाघोलीच्या पुढं केसनंद साईडला, सव्वादोन एकर काळी जमीन, त्यातला एकरभर पालक-कोथिंबीर-मेथी आणि बाकी झेंडू नि थोडा जनावरांना लसूण घास. बोअरनं मार्चमध्येच गुळण्या टाकायला सुरुवात केलीय, सकाळी अर्धा तास चालतं मग नुसती हवा. शेजारी मोठी सोसायटी झालीय, त्यांचं एसटीपीचं पाणी बागेला आणि फ्लशला वापरूनपण उरतं, चेअरमन म्हणतायत पाईप तुम्ही टाका पाणी फुकट न्या. बाटलीत आणून बघितलं, दिसायला बरंय, वास म्हणाल तर ओल्या गोणपाटासारखा. आठ दिवस झेंडूला देऊन बघितलं, झेंडू मजेत आहे पण वडलांच्या पायाला खाज सुटली, ते अनवाणीच दारं धरतात आणि सांगून ऐकत नाहीत. आई म्हणते हे पाणी पालकाला द्यायचं नाही, तोच पालक आपण घरात खातो. प्लांटचा ऑपरेटर म्हणतो हायपो (क्लोरीनचं औषध) टाकतो, एक जंतू राहत नाही. कोणाचं ऐकू?

उसवाला_दौंड
बिनधास्त द्या हो. मुंढव्याच्या जॅकवेलवरून (पाणी उपसायच्या विहिरीवरून) शहराचं शुद्ध केलेलं सांडपाणी उचलून बेबी कॅनॉलला म्हणजे शेतीच्या कालव्याला सोडतात, आमच्याकडं कित्येक जणांचा ऊस त्यावरच आहे. युरिया पण कमी लागतो. फुकटचं पाणी सोडून टँकर घेणार का या भावात?

जुना_ऑपरेटर
उसवाले दादा, उसाचं गणित पालकाला लावू नका. उसाचा रस कारखान्यात उकळतो, कोथिंबीर माणूस भेळेवर कच्ची टाकून खातो. मी सात वर्षं सोसायट्यांचे प्लांट चालवलेत म्हणून सांगतो, हायपो "टाकतो" आणि हायपो "लागतो" यात फरक आहे. पाणी आधी फिल्टरमधून स्वच्छ निघालं पाहिजे, गढूळ असलं की क्लोरीन त्या गाळातच संपतो, आणि डोस टाकल्यावर टाकीत अर्धा तास तरी थांबायला पाहिजे. बऱ्याच ठिकाणी डोसिंग पंप बंद आणि वरून मगानं ओततात, तेपण साहेब येणार असले की. ग्रामपंचायतीच्या पाणीवाल्याकडं ओटीची बाटली (क्लोरीन तपासायचं औषध) असते ना, ती मागून तुमच्या शेतातल्या पाईपच्या तोंडाला टेस्ट करा, पिवळं झालंच नाही तर क्लोरीन उरलेला नाही. प्लांटवर केलेली टेस्ट काय कामाची.

दुसरं म्हणजे हायपोनं जंताची अंडी मरत नाहीत. बॅक्टेरिया मरतात, पण गोल जंताच्या अंड्याचं कवच जाड असतं, क्लोरीन त्याला काही करत नाही. ती जड असतात म्हणून तळाला बसतात. त्यामुळं शेततळं असेल तर पाणी ८-१० दिवस हलू न देता साठवा आणि वरून उचला, फूटव्हॉल्व्ह (मोटारीच्या पाईपाचं खालचं तोंड) तळात सोडू नका. जागतिक आरोग्य संघटनेनं १९८९ मध्येच सांगितलंय की कच्चं खायच्या पिकाला द्यायच्या पाण्यात १०० मिलीमध्ये फिकल कोलिफॉर्म (विष्ठेतले जंतू) १००० च्या आत आणि लिटरला जंताचं अंडं एकपेक्षा जास्त नको. सोसायटीकडं रिपोर्ट मागा, पण ते बीओडीचा (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीच्या मापाचा) कागद पुढं करतील, बीओडी १० आलाय बघा म्हणून. बीओडी कमी म्हणजे जंतू कमी असं नसतं, फिकल कोलिफॉर्मचा आकडा वेगळा बघा. आणि सॅम्पल स्वतः घ्या, लॅबकडून निर्जंतुक बाटली आणून, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा.

माती_आधी
सगळे जंतूंच्या मागं लागलेत. जंतू उन्हानं मरतात, थोडे धुतले जातात, पाणी बंद केलं की हळूहळू विषय संपतो. मीठ मातीतून सहज जात नाही. भाऊ एकच प्रश्न विचारा, सोसायटीत सॉफ्टनर (जड पाणी मऊ करायचं यंत्र) आहे का?

वाघोली साईडला बोअर आणि टँकरचं पाणी जड, म्हणून बहुतेक सोसायट्यांनी सॉफ्टनर बसवलेत. सॉफ्टनर पाण्यातला कॅल्शियम मॅग्नेशियम काढून घेतो आणि बदल्यात सोडियम देतो, आणि तो परत चार्ज करायला गोण्यांनी मीठ लागतं, ते खारं पाणी कुठं सोडतात, तर ड्रेनेजला, म्हणजे एसटीपीला. एसटीपी मैला काढतो, मीठ काढत नाही. तेच पाणी तुमच्या काळ्या मातीत. वर्ष दोन वर्षं काही कळत नाही, मग एक दिवस वाफ्यात पाणी मुरायचं थांबतं, वाळल्यावर वरती कडक पापुद्रा, पेरलेली मेथी वरच येत नाही. जमीन चोपण झाली की मग जिप्सम टाकत बसा.

टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचा) ५००-६०० ला मिळतो, रोज बघा. ४५० पर्यंत निर्धास्त, २००० च्या वर भाजीला नकोच, मधे असेल तर पीक आणि निचरा बघून. घेवड्याला आणि कांद्याला खारं अजिबात सोसत नाही, पालक त्या मानानं दणकट. पण मीटर सोडियम वेगळा दाखवत नाही, त्यासाठी लॅबच. मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये माती-पाणी तपासतात, जवळ आहे तुम्हाला, ईसी (एकूण खारेपणा) आणि एसएआर (कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या मानानं सोडियम किती) दोन्ही काढायला सांगा.

खताचं उसवाले दादा बरोबर बोलले. पाण्यात लिटरला २० मिलिग्रॅम नत्र असेल तर एकरी एक इंच पाणी दिलं की २ किलो नत्र जातं, चार पाण्यात ८ किलो. तेवढा युरिया कमी करा. उसाला मात्र शेवटच्या महिन्यांत असलं पाणी देत राहिलात तर ऊस लोळतो आणि साखर उतरत नाही, तेव्हा वजन बघून खूश होऊ नका दादा.

उसवाला_दौंड
लोळतो हे खरंय 😅 मागच्या साली वाऱ्याला दोष दिला होता.

जुडीवाली
भाऊ, आई बरोबर म्हणतीय. मी १२ वर्षं पालेभाजी करते. वाफ्यात पाणी तुंबलं की पालकाची खालची पानं त्यातच लोळतात, आणि मजूर बाया जुड्या बांधून झाल्यावर माती जावी म्हणून त्याच पाण्याच्या हौदात बुचकळतात. एवढी जपलेली भाजी तिथंच बाटते बघा. जुड्या धुवायला वेगळं ड्रम, बोअरचंच पाणी, त्यात तडजोड नको. द्यायचंच असलं तर भाजीला बोअर, झेंडूला हे पाणी, आणि ठिबकनं, तुषार तर अजिबात लावू नका, अंगावर नि पानावर उडतं. ठिबकला डिस्क फिल्टर बसवा नाहीतर शेवाळानं आठ दिवसांत नळ्या बुजतात, आमच्या दोनदा बुजल्या.

दोन्ही पाईपांना रंग मारून ठेवा. आमच्याकडं पोरं मोटारीच्या पाईपाला तोंड लावून पाणी पितात, त्यांना काय कळणार कुठलं कुठलं. वडलांना गमबूट घ्या, खाज नाही गेली तर दवाखान्यात दाखवा, आणि घरच्यांना जंताच्या गोळीचं पीएचसीत विचारा. घासाचं पण, कापायच्या आधी दोन आठवडे ते पाणी बंद ठेवा.

बांधावरचा_पोरगा
उशीर झाला, मीटर यायला चार दिवस लागले. सॉफ्टनर आहे!! ऑपरेटरला विचारलं तर म्हणे ते प्लंबिंगवाल्याकडं असतं, माझा संबंध नाही. सोमवार ते शुक्रवार रोज बघितलं, ११०० ते ११८० टीडीएस, आणि रविवारी सकाळी १६४०. वॉचमन म्हणाला शनिवारी रात्री मीठ घालतात. ओटी पण केली, प्लांटवर पिवळं, आमच्या बांधावर पांढरंच.

सध्या पालेभाजीचं क्षेत्र निम्मं केलंय, जेवढं अर्ध्या तासाच्या बोअरमध्ये भिजतं तेवढंच. झेंडूला ठिबक. पाण्याची बाटली मांजरीला टाकलीय, मातीपण. चेअरमनना म्हणलं मिठाचं पाणी वेगळ्या टाकीत घ्या तर मी पाईपाचा खर्च करतो, ते म्हणाले मीटिंगमध्ये ठेवतो. आणि वडलांना गमबूट आणलेत, काल बघितलं तर गमबूट बांधावर नि वडील पाण्यात.

जुना_ऑपरेटर
😂 रविवार-सोमवारचं पाणी घेऊच नका तोपर्यंत, इक्वलायझेशन टँकमधून (प्लांटला येणारं सांडपाणी आधी जमा होतं त्या टाकीतून) ते मीठ निघून जायला दीड-दोन दिवस जातात. एसएआर आला की इथं टाका.