घाई नव्हे, वेळेवर घेतलेला निर्णय

अमेरिकेतला व्यावसायिक खेळाडू ल्यूक कीकली याने २०२० च्या जानेवारीत, अवघ्या २८ व्या वर्षी अमेरिकन फुटबॉल सोडला, ही घाई झाली असं तुम्ही म्हणता. मला पटत नाही. २०१५, २०१६ आणि २०१७, सलग तीन हंगामांत त्याला डोक्याच्या माराने सामने सोडावे लागले होते. गुडघा सुजला तर दिसतो तरी, मेंदूचं तसं नाही. कवटीला भेग नसली तरी आत मेंदू हिंदकळतो, आणि साधा सीटी स्कॅन बहुतेक वेळा स्वच्छच येतो. वारंवार मार बसल्याने होणाऱ्या सीटीई या मेंदूच्या आजाराचं पक्कं निदान तर आजही मृत्यूनंतरच होतं. मग खेळाडूने थांबायचं कशाची वाट पाहत?

आमच्या बडोद्यात माझा भाचा साधा फुटबॉल खेळतो. दोन वर्षांपूर्वी हेडर मारताना दुसऱ्या मुलाचं डोकं त्याच्या कानशिलावर आदळलं. "काही नाही, पाणी मार" म्हणत त्याला पुन्हा उतरवलं. रात्री दांडिया बाजारातल्या घरी तो तेच तेच विचारत होता, "मामा, मॅच संपली का?" पहिला मार भरून यायच्या आत दुसरा बसला तर जीवावर बेतू शकतं, हे मैदानावर एकालाही ठाऊक नव्हतं, मलासुद्धा. डॉक्टरांनी महिनाभर घरी बसवलं. आता डोक्याला काही लागलं की त्या दिवशी खेळ बंद, मग तो कितीही रुसो.