शब्दचर्चा : 'नपुंसकलिंग' लिहावं की टाळावं?

प्रश्न : क्लोद काऊं या फ्रेंच छायाचित्रकाराच्या स्वतःच्या फोटोंसाठी मराठी मजकूर लिहिते आहे. मला कायम मानवणारं लिंग म्हणजे 'न्यूत्र' (शब्दशः नपुंसकलिंग), अशा अर्थाचं काऊंचं १९३० मधलं वाक्य आहे. 'नपुंसकलिंग' लिहिताना हात थबकतो, कारण तो शब्द लोक शिवीसारखा वापरतात. 'उभयलिंगी' किंवा 'तृतीयपंथी' चालेल?

उत्तर : दोन्ही नकोत. उभयलिंगी म्हणजे गांडुळासारखं, दोन्ही असलेलं. तृतीयपंथी ही एका समाजाची ओळख आहे, ती दुसऱ्याला परस्पर चिकटवू नये. काऊंना 'या दोहोंपैकी एकही नाही' असं म्हणायचंय. मूळ नाव लुसी श्वॉब, आणि घेतलेलं नाव 'क्लोद', जे फ्रेंचमध्ये बाईचंही असतं नि पुरुषाचंही. १९२७ च्या सुमाराचा तो फोटो पाहा : मांडीवर कसरतीचं डंबेल आणि गालांवर रंगवलेले बदाम. पैलवान म्हणावं की बाहुली, ठरवताच येत नाही.

शिवाय फ्रेंचमध्ये व्याकरणातलं लिंग आणि माणसाचा लिंगभाव यांना शब्द एकच, 'जाँर', आणि त्या व्याकरणात लिंगं दोनच. म्हणजे काऊंनी मागितलं ते त्यांच्या भाषेत नव्हतंच. आपल्याकडे आहे! मग ते लपवायचं कशाला? 'नपुंसक'ची जुनी फोडही 'न स्त्री, न पुमान्' अशीच देतात. हिणवणं नंतर चिकटलं. माझं मत : नपुंसकलिंगच लिहा.

आणखी एक उत्तर : सहमत, पण मोठ्या माणसाला 'ते आलं' म्हटलं की कमीपणा येतो, तेवढं सांभाळा. क्रियापद आदरार्थीच ठेवा. तरी एक गोष्ट मला फार आवडते. बाई आणि पुरुष एकत्र आले की आपण 'ती दोघं आली', 'सगळी जमली' म्हणतो. ते रूप नपुंसकलिंगीच! रोज बोलतो, लक्षात येत नाही.

प्रश्नकर्ती : हे सुचलंच नव्हतं. काऊं आणि त्यांची जोडीदार मार्सेल मूर यांनी दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यात असलेल्या जर्सी बेटावर जर्मन सैनिकांना बंडासाठी चिथावणारी पत्रकं गुपचूप वाटली. खाली सही असे 'नाव नसलेला सैनिक'. १९४४ मध्ये पकडल्यावर फाशीची शिक्षाही झाली, पण अंमलात आली नाही. त्या काळातल्या फोटोखाली आता लिहिते : 'ती दोघं १९४५ मध्ये सुटली.'