सिगारेट सोडायचीय, सांगली-मिरजेत कुणी समजून घेणारं आहे का?

मी सांगलीत, विश्रामबागला राहते. माझी जोडीदार बाईच आहे. दोघीही सिगारेट ओढतो आणि दोघींनाही सोडायचीय. एकटीने सोडून भागणार नाही.

सिगारेट-तंबाखू सोडायला फोनवर मदत करणारी सरकारी क्विटलाइन १८००-११-२३५६ माहीत आहे, पण घरात मोकळं बोलायला आडोसा नाही. निकोटिनचं २ मिलिग्रॅमचं गम आणलंय. ते थोडं चावून गालात धरायचं आणि त्याआधी पंधरा मिनिटं चहा नाही. (चहा टाळणंच जास्त अवघड!)

खरी अडचण वेगळी आहे. दवाखान्यात पहिला प्रश्न, "मिस्टर काय करतात?" एक डॉक्टरबाई तर म्हणाल्या, लग्न कर, सुटेल. घरोघरी बायका मशेरी लावतात त्याचं कुणाला काही नाही. सिगारेट मात्र थेट चारित्र्यावर जाते.

धूम्रपानाने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. हा कर्करोग बहुतेकदा ज्या विषाणूमुळे होतो, त्या एचपीव्हीचा संसर्ग बाईकडून बाईलाही होतो, म्हणून गर्भाशयमुखाची पॅप तपासणीही करायचीय.

सांगली-मिरजेत, नाहीतर कोल्हापुरात, नीट ऐकून घेणारी स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा समुपदेशक माहीत आहे का? स्वतःचा अनुभव असेल तरच सांगा. आणि जोडीने सिगारेट सोडलेल्या कुणी असाल, तर पहिल्या आठवड्यातल्या चिडचिडीत भांडणं कशी आवरलीत?