एल शद्दाईला ‘महागडा वॉलपेपर’ म्हणणाऱ्यांसाठी

सांजपारवा

परवा ॲक्शन गेमच्या धाग्यावर ठोकळेबाज यांनी ‘एल शद्दाई’ या जपानी व्हिडिओ गेमचा एका दमात निकाल लावला. त्यांचेच शब्द देतो: ‘एल शद्दाई म्हणजे महागडा वॉलपेपर. एक बटण बडवायचं आणि मागचं चित्र बघायचं. ज्यांना खरे ॲक्शन गेम झेपत नाहीत ते याला कला म्हणतात.’ पहिल्या दोन वाक्यांवर मी गप्प बसलो असतो. तिसऱ्यानं झोप उडवली, म्हणून हा वेगळा धागा.

मी हा गेम तीनदा संपवलाय. २०११ मध्ये प्लेस्टेशन ३ वर दोनदा, आणि २०२१ मध्ये पीसीसाठी स्टीमवर आला तेव्हा परत एकदा.

मारायचं बटण एकच, कबूल. टाळालाही एकच आवाज असतो, पण टाळ चुकला की भजन मोडतं. सलग दाबलंत तर एक मालिका निघते, मध्ये श्वासभर थांबून दाबलंत तर समोरच्याचा बचाव फोडणारा घाव निघतो, हवेत आणखी वेगळं. वर हत्यार कायमचं तुमचं नाहीच. समोरच्याला जेरीस आणून आर्च (पातं), गेल (उडते बाण) किंवा व्हेल (ढाल, जिच्या मुठी होतात) त्याच्या हातातून हिसकावायचं, तळहात फिरवून शुद्ध करायचं. वापरता वापरता ते पुन्हा मळतं, घाव बोथट होतात, की परत शुद्धीकरण, तेही ऐन मारामारीत. कुठलं बटण दाबायचं हा प्रश्न या गेमनं काढूनच टाकलाय. कधी दाबायचं एवढाच ठेवलाय.

आणि पडद्यावर एकही पट्टी नाही, आकडा नाही. नायक एनोकचं चिलखत तुटत जातं, तेच त्याचं आयुष्य. शेवटी बिचारा नुसत्या जीन्सवर उरतो. बॉसचं, म्हणजे मोठ्या शत्रूचंही तसंच. आपण कोपऱ्यातल्या लाल पट्टीकडे बघत खेळायला इतके सरावलोय की समोरच्या माणसाकडे बघायला लावलं की त्याला वॉलपेपर म्हणतो.

दिग्दर्शक सावाकी ताकेयासू. ‘ओकामी’ची पात्रं ज्यानं काढली तो. आधी ‘डेव्हिल मे क्राय’वरही काम केलेला. त्याला दहा बटणांचा गेम माहीत नव्हता असं समजायचं का?

ठोकळेबाज

माझ्या नावानं धागा निघाला, धन्य झालो.

टाळाचं छान जमलंय. पण मी भजनाला नाही, ॲक्शन गेमला बसलो होतो. तुमचं ‘कधी दाबायचं’ पहिल्या दोन तासांत कळतं. त्यानंतर? तीच तीन हत्यारं, तेच चार प्रकारचे शत्रू, मागचा पडदा तेवढा बदलतो. शेवटाकडेही मी तेच करत होतो जे सुरुवातीला केलं. याला खोली म्हणत नाहीत, लांबी म्हणतात.

आता उड्या. कॅमेरा त्यांच्या ताब्यात, जमीन जलरंगाची, आकाश जलरंगाचं. फळी दोन हात लांब आहे की दहा हात, हे पडल्यावर कळतं. मी पडलो, परत पडलो, आणि प्रत्येक वेळी दृश्य अप्रतिम होतं.

आणि सगळ्यात कहर म्हणजे मरण. जीव गेला, पडदा काळा झाला, की सगळी बटणं बडवायची, साहेब उठून उभे. बॉस मध्येच उगवतो, झोडपतो, निघून जातो. हरलात तरी कथा पुढे. मग मी शिकू कशासाठी? ‘डेव्हिल मे क्राय ३’मध्ये व्हर्जिल नावाच्या बॉसपुढे मी आठवडाभर मार खाल्लाय. ज्या रात्री तो पडला त्या रात्री मी घरात कोणालातरी उठवून सांगितलं. एल शद्दाई संपला तेव्हा मी फक्त टीव्ही बंद केला.

पिक्सेलपंत

+१. ‘गेम कला आहे’ असं ज्या गेमबद्दल म्हणावं लागतं तो हमखास खेळायला कंटाळवाणा असतो.

निळी शाई

‘ज्यांना खरे ॲक्शन गेम झेपत नाहीत’. हो, मला झेपत नाहीत. दोन वर्षांपूर्वी उजव्या मनगटाचं ऑपरेशन झालं. त्याआधी मीही लांबलचक कॉम्बो पाठ करणाऱ्यांतली होते. ऑपरेशननंतर एक-एक गेम लावून बघितला आणि बाजूला ठेवला. कंट्रोलरच्या खांद्याचं बटण धरून, त्याची काठी मागे ओढून, तिसरं बटण दाबायचं म्हणजे अंगठ्यात कळ.

एल शद्दाई पूर्ण झाला. मध्यम पातळीवर. आणि ‘सोपा’ म्हणून नाही झाला. पहिल्या दिवशी एक साधा ढालवाला मला पुरून उरला, कारण मी जुन्या सवयीनं बडवत होते. थांबायला शिकले तेव्हा तो पडला. थांबण्यात मनगट दुखत नाही, ठोकळेबाज.

ठोकळेबाज

ताई, तुमच्याबद्दल नव्हतं ते.

निळी शाई

ताई म्हणून सुटका नाही. वाक्य सरसकट होतं, तर माझ्याबद्दलही होतं.

ठोकळेबाज

बरं. तिसरं वाक्य मागे घेतो. पहिली दोन जागच्या जागी आहेत. आणि एक विचारतो, राग मानू नका: तुमच्या हाताला जमला हा गेमचा गुण की योगायोग? सावाकींनी तुमचं मनगट डोळ्यांसमोर ठेवलं नव्हतं.

निळी शाई

व्हर्जिलनंही तुमचा आठवडा डोळ्यांसमोर ठेवला नव्हता.

मुक्काम पोस्ट सोफा

तुमचं चालू द्या. पण या भांडणात एक गोष्ट कोणीच काढत नाही. गेम इग्निशन या कंपनीच्या टोकियो स्टुडिओनं केला आणि इग्निशन तेव्हा होती यूटीव्हीच्या मालकीची. तीच, रॉनी स्क्रूवालांची, मुंबईची. २००७ पासून. म्हणजे इतका विक्षिप्त जपानी गेम मुंबईच्या मालकाच्या छत्राखाली झालाय, आणि आपण इथे तो परग्रहावरून आल्यासारखे भांडतोय.

ठोकळेबाज

म्हणजे आता घरचा म्हणून गोड मानून घ्यायचा?

मुक्काम पोस्ट सोफा

मी असं कुठे म्हटलं? एवढंच म्हणतोय की एका बटणाचा, हेल्थ बार नसलेला, बहुतेक बायबलांमध्ये जागा न मिळालेल्या हनोखाच्या (म्हणजे एनोकच्याच) ग्रंथावरचा ॲक्शन गेम, ज्यात देवदूत काळी जीन्स घालून देवाशी मोबाइलवर बोलतो. हे ऐकून पैसेवाल्यानं दार दाखवलं नाही. त्याचं थोडं कौतुक.

पिक्सेलपंत

कौतुक जपून करा. त्याच इग्निशनचा लंडनचा स्टुडिओ २०१० मध्ये बंद झाला. तिथे ‘वॉरडेव्हिल’ वर्षानुवर्षं शिजत होता, तो बाहेर आलाच नाही. एल शद्दाई आला, पाठोपाठ इग्निशनचं दुकान आवरलं, २०१२ मध्ये यूटीव्ही डिस्नीच्या पदरात. हक्क शेवटी सावाकींनी स्वतःच्या क्रिम या छोट्या कंपनीकडे मिळवले, म्हणून आज स्टीमवर दिसतोय. छत्र वगैरे काही नव्हतं. हौसेनं उतरले, हात पोळले, निघाले.

मुक्काम पोस्ट सोफा

हात पोळले तरी उतरले ना? बाकीच्यांनी काय केलं? दुसऱ्यांच्या गेमची हमाली.

रिकामटेकडी

हमाली म्हणालात म्हणून लिहिते, एरवी मी वाचणाऱ्यांतली.

ती हमाली मी सहा वर्षं केली. यूटीव्हीशी संबंध नाही, कंपनी दुसरीच होती, नाव नको. बाहेरच्या स्टुडिओंसाठी आम्ही लाकडी खोकी, पिंपं, विटांच्या भिंती करायचो. गेम कुठला हेही बऱ्याचदा सांगत नसत, नुसता सांकेतिक क्रमांक यायचा. एकदा एका पिंपाच्या बुडाशी मी बुरशीचा हिरवट पट्टा ओढला. ओलसर तळघरातलं पिंप आहे असं कागदावर लिहिलं होतं, म्हणून. दुसऱ्या दिवशी शेरा: संदर्भचित्रात नाही, काढा. काढला. पुढे तो गेम ओळखू आला, भावानं आणला होता. मी अख्खी संध्याकाळ त्याला तळघरात फिरवलं. माझं पिंप सापडलं. कोरडं ठणठणीत. शेवटची नामावली पूर्ण बघितली, आमच्या कंपनीचंही नाव नव्हतं, माझं तर सोडाच.

त्यामुळे एल शद्दाईत एक मजला शाईनं काढल्यासारखा, पुढचा नुसत्या काळ्या आकृत्यांचा, आणि वर अचानक दिव्यांच्या शहरात मोटारसायकल, हे दिसतं तेव्हा मला ‘कला’ वगैरे काही वाटत नाही. मला दिसतं की कुणीतरी कुणालातरी ‘कर’ म्हटलंय. संदर्भचित्र न मागता.

ठोकळेबाज

हे वाचून खरंच वाईट वाटलं. पण माफ करा, चित्रकाराचे दिवस आणि खेळणाऱ्याचे दिवस ही दोन वेगळी खाती आहेत. तुमचं पिंप हिरवं असो की कोरडं, त्यावर उडी मारताना पाय कुठे पडणार ते मला कळलं पाहिजे.

रिकामटेकडी

लेव्हल बनवणारे अगदी हेच म्हणायचे. आणि त्यांचं बरोबर असायचं, म्हणून जास्त राग यायचा.

पिक्सेलपंत

रिकामटेकडी, नामावलीत नाव न घालणाऱ्यांवर वेगळा धागा काढा. माझ्याकडेही मसाला आहे. मी आवाजाच्या विभागात होतो. दार उघडण्याचा आवाज, एकाच गेमसाठी चाळीस प्रकारचा. शेवटी वापरला एकच.

मुक्काम पोस्ट सोफा

कुठला हो? चांगला होता का?

पिक्सेलपंत

एकोणिसावा. सगळ्यात वाईट.

सांजपारवा

धागा कशाचा, चाललंय काय! पिंपं आणि दारं.

ठोकळेबाज, उड्यांबद्दल ऐका. काळ्या आकृत्यांचे आडवे मजले घ्या, तिथे उडी चोख आहे, एकदाही अन्याय वाटला नाही. कॅमेरा पाठीमागे जातो तिथे मात्र... हो. रंग जमिनीचा की हवेचा ते कळत नाही. तिसऱ्या खेपेलाही मी त्याच ठिकाणांवरून पडलो. झालं समाधान?

पण मरणाचं मान्य नाही. बटणं बडवून उठता येतं ते दर वेळी जास्त अवघड होत जातं, हे तुम्ही सोयीस्करपणे गाळलंत. आणि बॉसकडून हरणं ही या गेमची विनोदबुद्धी आहे. २०१० चा ट्रेलर आठवा. लुसिफेल, तो मोबाइलवाला देवदूत, विचारतो, एवढ्या सामानावर भागेल ना? एनोक म्हणतो, भागेल, काही अडचण नाही. निघतो, सडकून मार खातो, लुसिफेल चुटकी वाजवून काळ मागे नेतो. जपानमध्ये गेम यायच्या आधी ती दोन वाक्यं जो तो एकमेकांना टाकत होता, इंटरनेटवरच्या गाजलेल्या वाक्यांचं त्या वर्षीचं बक्षीस त्यांनाच. हा नायक हरतो, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

ठोकळेबाज

म्हणजे गेमपेक्षा जाहिरात जास्त गाजली. हे तुमच्या बाजूनं सांगताय की माझ्या?

सांजपारवा

तुमच्याशी बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

ठोकळेबाज

पंधरा वर्षांपूर्वीच्या गेमची आरती ओवाळणं म्हणजे काय मग?

निळी शाई

झालं, आता वय काढलं.

ठोकळेबाज, सरळ सांगा, कुठल्या पातळीवर खेळलात? आणि व्हेल किती वापरलंत?

ठोकळेबाज

सोप्या. घाई होती. व्हेल जड वाटलं, सोडून दिलं. आर्चवरच काढला.

निळी शाई

तीनपैकी एकाच हत्यारावर, सोप्या पातळीवर, घाईत. आणि म्हणे दोन तासांनी नवीन काही नव्हतं.

सांजपारवा

मला आता काही बोलायची गरजच उरली नाही.

ठोकळेबाज

नाचू नका. सोपी पातळी गेमनंच समोर ठेवली होती. ज्या गेमला आपली खोली दाखवायला खेळणाऱ्याचा हात धरावा लागतो तिथे चूक गेमची. आर्चवर सगळं निभावलं, मी कशाला बदलू?

रिकामटेकडी

हे मात्र पटलं. जपानी आवाज लावलेत की इंग्रजी?

ठोकळेबाज

इंग्रजी. लुसिफेलला जेसन आयझॅक्सचा आवाज आहे, त्याबद्दल तक्रार नाही. संगीताबद्दलही नाही, कोदा आणि हासेगावांनी काम चोख केलंय. बघा, मीही कौतुक करतो. फक्त गेमचं नाही.

शनिवारी परत लावतो. वरच्या पातळीवर, व्हेल घेऊन. वॉलपेपरच निघाला तर या धाग्याचं नाव बदलायचं, कबूल?

सांजपारवा

कबूल. एवढ्या तयारीवर भागेल ना?

ठोकळेबाज

काही अडचण नाही.

ठोकळेबाज

(शनिवार, रात्री पावणेदोन)

ढालवाल्यांचं मान्य. थांबून मारलं की मजा आहे. व्हेलही सोडणार नाही आता, मुठींचा आवाज भारी आहे. पिक्सेलपंत, त्यांनी एकोणिसावा वापरलेला नाही.

तीच उडी. अकरा वेळा. निळ्यावर निळं. दोष कोणाचा ते उद्या लिहितो, आत्ता अंगावर फक्त जीन्स उरलीय.